‘कंडेम’ कुणाला करायचं?

प्रश्न : सर, आमच्या गावची संध्याकाळची बस बंद झाली. कॉलेजची पोरं खानापुरात अडकून पडतात. मंडळातर्फे इंग्रजीत निवेदन लिहिलंय, त्यात ‘वी स्ट्राँगली कंडेम अगेन्स्ट द ऑफिसर’ असं वाक्य आहे. एक जण म्हणतो बरोबर, दुसरा म्हणतो ‘प्रोटेस्ट’ पाहिजे. ‘कंडेम’चा नेमका अर्थ काय?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आधी तो ‘अगेन्स्ट’ खोडा. ‘प्रोटेस्ट’ला तो चालतो, ‘कंडेम’ला नाही. ज्याचा धिक्कार करायचा ते थेट पुढे येतं : ‘वी कंडेम द अटॅक’.

घोळ होतो तो आपल्या ‘निषेधा’मुळे. 1 नोव्हेंबरला, सीमाभाग कर्नाटकात घातल्याबद्दल, बेळगावात काळ्या दिनाची सायकल फेरी निघते, तो निषेध. कुठे हल्ला झाला की पुढारी पत्रक काढतात, तोही निषेधच. इंग्रजीत पहिला ‘प्रोटेस्ट’, दुसरा ‘कंडेम’. (पहिल्याला घाम गाळावा लागतो, दुसऱ्याला लेटरहेड पुरतं.)

शब्द तसा तुमच्या रोजच्या बोलण्यातलाच. स्टँडवर उभं राहून ‘ही गाडी कंडम झाल्या बघ’ म्हणता ना, तोच हा. जुनी जीप किंवा पडायला आलेली शाळाखोली तपासून सरकारी खातं ‘वापरास अयोग्य’ असा शेरा मारतं, त्याला इंग्रजीत हेच क्रियापद. कोर्टातही तेच. फाशीची शिक्षा झालेला तो ‘कंडेम्ड प्रिझनर’. बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात फाशीची सोय आहे, त्यामुळे आपल्याकडे ही गोष्ट पोरासोरांनाही ठाऊक असते. ‘डॅम’ ही इंग्रजी शिवी याच लॅटिन कुळातली, आणि दोघांच्याही शेवटचा ‘एन’ मुका. ‘कंडेम्नेशन’ म्हणताना मात्र तो उच्चारायचा.

तेव्हा या शब्दात नुसती नाराजी नसते, निकाल असतो : तपासलं, दोषी ठरवलं, विषय संपला. खून, दंगल, जाळपोळ यांना तो शोभतो. तुमची तक्रार एका बसची आहे. ज्याच्या सहीने ती पुन्हा सुरू व्हायची, त्यालाच वर दोषी ठरवायचं आणि खाली ‘आपले विश्वासू’ लिहायचं, हे मला तरी जमणार नाही. त्यातून तुम्ही ‘स्ट्राँगली’ही जोडलंय. बातम्यांत ऐकून ऐकून ते आता त्याचं आडनावच झालंय. ‘डिप्लोअर’ घालू का, असं विचाराल, तर तोही नको. त्यात खेद जास्त, शिवाय तो कृत्याला लागतो, माणसाला नाही.

‘वी प्रोटेस्ट अगेन्स्ट द विथड्रॉअल ऑफ द इव्हनिंग बस’ एवढं बास. त्याखाली बसची जुनी वेळ, किती मुलं त्या बसने येतात, आणि आता ती घरी कशी पोचतात ते लिहा. अधिकारी वाचतो ते तेवढंच.

आणि इंग्रजीच कशाला? राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. मराठीत लिहा, सोबत कन्नड प्रत जोडा, म्हणजे टेबलावर अडून राहायचं नाही. आणि आवक क्रमांकाचा शिक्का तुमच्या प्रतीवर घेतल्याशिवाय तिथून हलू नका.