झाडाची जखम भरत नाही

प्रश्न : मॅडम, बॉटनीत एमएस्सी करतेय. लॅबचा कंटाळा आलाय, शहरातल्या झाडांवर काम करायचंय. घरचे म्हणतात, झाडांना पाणी घालायला एमएस्सी कशाला? शिकलेलं खरंच वापरायला मिळतं का यात?

उत्तर : पाणी घालायला नाही लागत गं, पण पाणी घालूनही झाड का वाळतंय हे सांगायला लागते ना! झाडांची निगा राखण्याच्या या शास्त्राला आर्बोरिकल्चर म्हणतात, आणि तुझी रटाळ वाटणारी ॲनाटॉमीच इथे रोज कामाला येते. माणसाची जखम भरते, झाडाची नाही. झाड कुजलेला भाग दुरुस्त करतच नाही, त्याच्याभोवती भिंती घालून तो आतच कोंडतं आणि वरून नवीन लाकूड चढवतं. ॲलेक्स शायगो या अमेरिकन शास्त्रज्ञाने चेनसॉने खोडं उभी चिरून चिरून हे दाखवलं, १९७७ मध्ये कूज अशी कोंडण्याचं त्याचं ‘कोडिट’ मॉडेल आलं. म्हणून फांदी कापताना ती खोडाला जुळते तिथली फुगीर कड सोडून, तिच्या अगदी बाहेरून कापायचं, खोडाला घासून नाही आणि खुंटही ठेवायचा नाही. कापल्यावर वर डांबर किंवा रंग फासतात ना, त्याने कूज थांबत नाही, फक्त फासणाऱ्याला बरं वाटतं.

दुसरं म्हणजे मुळं. लोकांना वाटतं झाड जेवढं वर तेवढंच खाली, पण बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटीमीटरमध्येच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. केबलसाठी चर खणला, मुळं तुटली, तरी झाड दोन-तीन वर्षं हिरवंच दिसू शकतं, मग शेंड्याकडून वाळायला लागतं, आणि तोवर चर कोणाला आठवतोय? त्यामुळे खोदकामाआधी इंजिनिअरसोबत नकाशावर बसून भांडणं, हे या नोकरीतलं सगळ्यात मोठं काम, कॉलेजात कोणी सांगत नाही.

खोडाची आतली पोकळी बघायला रेझिस्टोग्राफ, सोनिक टोमोग्राफ वगैरे यंत्रं आहेत, पण आधी लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकायला शीक. सर्टिफिकेट हवं तर इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर परीक्षा घेते, त्याला कामाचा अनुभव लागतो.

आणि हो, झाड पाडा असंही तुलाच लिहून द्यावं लागेल. दिलंस तर झाडप्रेमी चिडणार, नाही दिलंस आणि फांदी पडली तर बाकीचे. जमणार असेल तर ये. दोर लावून झाडावर चढायलाही एकदा शीक, पुढे तू चढणार नसलीस तरी, नाहीतर वर करवत घेऊन बसलेला माणूस तुझं कशाला ऐकेल?