‘ट्राख्ट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: ऑक्टोबरफेस्ट या म्युनिकच्या बिअर-जत्रेच्या बातम्यांत ‘डिर्न्डल (बायकांचा पारंपरिक झगा) हा जर्मनीचा राष्ट्रीय पोशाख’ असं लिहिलेलं असतं. ते बरोबर आहे का? आणि अशा पारंपरिक कपड्यांसाठी जर्मनमध्ये ‘ट्राख्ट’ हा शब्द आहे, त्याला मराठीत काय म्हणावं?

‘राष्ट्रीय पोशाख’ हे चूक आहे. ट्राख्टसाठी मला ‘पेहराव’ हा शब्द सगळ्यांत चांगला वाटतो, पण त्याच्याआधी गावाचं किंवा मुलखाचं नाव यायला हवं.

ट्राख्ट हा शब्द ‘ट्रागन’ या क्रियापदाच्या घराण्यातला. ट्रागन म्हणजे वाहून नेणं, आणि कपडे अंगात घालणंही. आपल्या ‘वागवणे’ला त्यातली थोडी छटा आहे. मधमाश्या पोळ्यात जो मकरंद आणि पराग वाहून आणतात, त्याला जर्मन मधपाळ ट्राख्टच म्हणतात. कुणाला बेदम चोपलं तर त्याला ‘ट्राख्ट प्र्यूगल’ मिळाली, म्हणजे भाराभर मार मिळाला. परिचारिकांचा आणि ख्रिस्ती जोगिणींचा ठरावीक वेषसुद्धा ट्राख्ट. म्हणजे कपड्यांपुरतं पाहिलं तर, एखाद्या समूहातलं म्हणून माणूस जे अंगावर वागवतो ते. समूह सांगितल्याशिवाय हा शब्द अर्धाच राहतो.

आणि हे समूह फार लहान असत. नैर्ऋत्य जर्मनीतल्या ‘ब्लॅक फॉरेस्टची टोपी’ म्हणून जगभर जिची चित्रं छापली जातात ती बोलनहूट घ्या. पांढरी केलेली गवती टोपी, तिच्यावर लोकरीचे चौदा टपोरे गोंडे, वजन दोन किलोपर्यंत. गोंडे लाल असले तर मुलगी अविवाहित, काळे असले तर लग्न झालेली. ही टोपी मुळात गूटाख, किर्नबाख आणि रायखनबाख या तीनच गावांची! ही गावं प्रोटेस्टंट. आसपासच्या कॅथलिक गावांत डोक्यावर वेगळंच काही दिसे. जर्मनी 1871मध्ये एक झाला. त्याआधी शेजारच्या दोन गावांचेही राजे वेगळे, पंथ वेगळे, कपड्यांबद्दलचे सरकारी हुकूम वेगळे असू शकत. कुणी कोणतं कापड वापरावं हे दर्जानुसार ठरवणारे कायदे होते. पवित्र रोमन साम्राज्याच्या 1530च्या फर्मानातही तशी कलमं आहेत. पेहरावांच्या सीमा या सगळ्यातून आखल्या गेल्या.

जर्मनीच्या हेस प्रांतातल्या श्वाल्म खोऱ्यात तर रंगावरून बाईचं वय वाचता येई. लाल रंग कुमारिकांचा, हिरवा तरुण विवाहितांचा, जांभळा प्रौढांचा, काळा म्हातारपणाचा आणि दुखवट्याचा. एकावर एक घातलेले कितीतरी घागरे, आणि अंबाड्यावर बसणारी इवलीशी टोपी, तिचं नाव ‘बेट्झल’. लग्न झालेल्या बाईने केस झाकायचे ही रीत सर्वदूर होती. त्यामुळे मुलीचं लग्न होण्याला जर्मन अजूनही ‘उंटर डी हाउबं कोमन’ म्हणतो, म्हणजे टोपीखाली येणं. हाउबं डोक्यावरून गेली, वाक्प्रचार राहिला.

उत्तरेकडे फ्योर बेटावर खलाशांच्या घरच्या बायका काळ्या पेहरावावर छातीभर चांदीचे दागिने घालतात. त्यांत हृदय, क्रूस आणि जहाजाचा नांगर असतो. पूर्वेला लुसाटियात सॉर्ब लोक राहतात. त्यांची भाषा स्लाव्ह कुळातली, त्यामुळे त्यांच्या पेहरावाला सरसकट ‘जर्मन’ म्हणणं मला पटत नाही. त्यांच्या काही भागांत कडक दुखवट्याचा रंग पांढरा आहे.

आता डिर्न्डल. जर्मनीच्या दक्षिणेकडचा बव्हेरिया आणि ऑस्ट्रिया इथल्या बोलीत डिर्न्डल म्हणजे मुलगी. ‘डिर्न्डलगेवांड’, म्हणजे मुलीचे कपडे, हे आखूड होऊन कपड्यालाच ते नाव पडलं. शेतावरच्या मोलकरणींचा साधा झगा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्प्समध्ये उन्हाळा घालवायला येणाऱ्या शहरी बायकांनी उचलला. म्युनिकमध्ये युलियुस आणि मोरिट्झ वालाख या ज्यू भावांनी त्याला प्रतिष्ठेचं दुकान मिळवून दिलं. पुढे नाझी राजवटीत त्यांचं दुकान हिरावून घेतलं गेलं, आणि 1938मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गात ज्यूंना आल्प्सचे पारंपरिक कपडे घालायलाच बंदी झाली. ज्यांनी हा कपडा घरोघरी नेला, त्यांच्याच लोकांच्या अंगावरून तो काढून घेतला गेला. डिर्न्डलवर लिहिताना हे गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

पुरुषांची चामड्याची चड्डी, म्हणजे ‘लेडरहोजन’, हीदेखील आल्प्सकडची. 1883मध्ये बव्हेरियातल्या बायरिशझेलला योझेफ फोगल या शिक्षकाने ती टिकवण्यासाठी मंडळ काढलं, कारण तोवर ती मागे पडत चालली होती. तशी मंडळं पुढे भराभर वाढली, आणि ऑक्टोबरफेस्टमुळे जगाला बव्हेरिया म्हणजेच जर्मनी वाटू लागला. उत्तरेतल्या हाम्बुर्गच्या माणसाला विचारा, तो लगेच हरकत घेईल.

मराठी शब्दांचं म्हणाल तर ‘पोशाख’ दरबारी आणि गणवेशाकडे झुकणारा आहे, ‘वेशभूषा’ने नाटक आठवतं. ‘पेहराव’मध्ये रोज अंगावर असणं आहे, आणि ‘कोळी पेहराव’ म्हणतो तसं त्याला समूहाचं नाव सहज जोडता येतं. तेव्हा ‘श्वाल्मचा पेहराव’, ‘फ्योरचा पेहराव’ असं लिहावं. डिर्न्डल मात्र तसंच ठेवावं, नपुंसकलिंगी: ‘ते डिर्न्डल’. जर्मनमध्येही ते नपुंसकलिंगीच आहे. आणि ‘लेडरहोजन’मधला ज ‘रोज’मधल्यासारखा उच्चारावा, प्रमाण जर्मनमध्ये तो शेवटचा न अनेकवचनाचा आहे, एकीला ‘लेडरहोजं’ म्हणतात.