आजीने म्हटलेल्या अभंगाविषयी

चि. ईरा हिस,
अनेक आशीर्वाद.

शाळेच्या वाद्यवृंदात तुझी निवड झाली नाही हे कळल्यावर आजी फोनवर ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान’ असे म्हणाली आणि मराठी माणसे प्रयत्न न करताच समाधान मानतात का, असे तू मला विचारलेस. प्रश्न रागातून आला असला तरी तो अगदी रास्त आहे.

तुकाराम महाराजांचा हा अभंग म्हणजे सुखात बसलेल्या माणसाने दुःखिताला केलेला उपदेश नाही. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला; त्यात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी आणि मुलगा गेले. परंपरा असे सांगते की, त्यानंतर त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते धाकट्या भावाबरोबर वाटून घेतली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. ज्यांच्याकडून येणे होते, तेही त्याच दुष्काळात होरपळलेले होते. ते देतील या आशेवर राहिल्याने पैसा परत येणार नव्हता, मन मात्र त्या खतांतच अडकून पडले असते. अपेक्षा सोडणे म्हणजे काय, हे मला या प्रसंगाइतके स्पष्ट दुसरीकडे कोठेही दिसत नाही. ‘वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ’ ही त्याच अभंगाची पुढची ओळ आजीने म्हटली नाही, पण तुझ्यासाठी तीच अधिक महत्त्वाची आहे.

‘असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास’ असेही तुकोबाच सांगतात. मला यात विसंगती वाटत नाही. लागलेला निकाल आहे तसा मान्य करायचा असतो. पुढचा सराव अजून आपल्या हाती असतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. हा अभंग माणसाने स्वतःच्या मनाला समजावण्यासाठी आहे. अन्याय सोसणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी कोणी तो वापरला, तर ते मानू नकोस. अभंग रचण्याला विरोध झाला, तेव्हा स्वतः तुकोबाही गप्प बसले नव्हते.

वाईट वाटत असेल तर ते खुशाल वाटू दे, आजीने त्याला मनाई केलेली नाही. दोन-चार दिवसांनी शिक्षकांना भेटून आपण कोठे कमी पडलो ते विचार, आणि पुढच्या वेळी पुन्हा नाव द्यायचे की नाही, ते तूच ठरव.

तुझे,
बाबा