अमेरिकन ग्राफिटी जपानला पोहोचली ती भिंतीच्या आधी दुकानात

तुमचा प्रश्न असा: अमेरिका आणि जपानच्या स्ट्रीट आर्टने एकमेकांकडून खरंच काही घेतलं, की जपानने न्यूयॉर्कची नुसती नक्कल केली?

सुरुवात नकलेनेच झाली, हे कबूल करायला हरकत नाही. पण पुढे परतफेडही झाली, आणि तीही भिंतींपेक्षा दुकानांच्या वाटेने जास्त. मी ग्राफिक डिझायनर आहे, त्यामुळे हे मला जरा जास्तच दिसत असेल, तेवढी सूट द्या.

१९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्राफिटी आणि हिप-हॉपवरचा 'वाइल्ड स्टाइल' हा चित्रपट टोकियोत दाखवला गेला. सोबत त्यातली मंडळीही आली होती. ग्राफिटी कलाकार फॅब फाइव्ह फ्रेडी होता, रॉक स्टेडी क्रूचे ब्रेकडान्स करणारे होते. त्यांचे काही कार्यक्रम चक्क सेइबू या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये झाले. ते पाहून योयोगी पार्कात पोरं नाचायला लागली, आणि जपानी हिप-हॉपमधलं डीजे क्रश हे नाव पुढे त्याच गर्दीतून वर आलं.

नाच आणि संगीत झटकन रुजलं. रंगाच्या स्प्रेचं तसं झालं नाही. दुसऱ्याच्या भिंतीवर रंग मारणं तिथे मालमत्तेचं नुकसान म्हणून गंभीरपणे घेतलं जातं, आणि मारलेला रंग पुसलाही लवकर जातो. अपवाद म्हणजे योकोहामातली साकुरागिचोची रेल्वेलाइनलगतची लांबच लांब भिंत. कित्येक वर्षं ती जपानी ग्राफिटीची शाळा होती. २००४ मध्ये तिथली तोयोको लाइन बंद झाली आणि नंतर ती चित्रंही गेली.

न्यूयॉर्कच्या सबवेत चित्रं काढून नावारूपाला आलेल्या कीथ हॅरिंगला ही दुकानाची वाट लवकर दिसली होती. १९८७ मध्ये टोकियोजवळच्या तामा शहरात त्याने सुमारे ५०० मुलांना घेऊन भित्तिचित्र केलं. त्याच्या पुढच्याच वर्षी टोकियोच्या आओयामा भागात दोन मालवाहू कंटेनर जोडून 'पॉप शॉप' उघडलं. त्यात टी-शर्ट होतेच, शिवाय भाताचे वाडगे आणि पंखेही होते. म्हणजे जपानी घरातल्या वस्तूंवर न्यूयॉर्कच्या सबवेतली रेषा. पण बाजारात त्याच्या चित्रांचा नकली माल भरपूर होता आणि दुकान फार काळ चाललं नाही.

दुकानाची ही वाट जमली दहाएक वर्षांनी, कॉज या टोपणनावाच्या कलाकाराला. जर्सी सिटीचा हा ब्रायन डॉनेली दिवसा अ‍ॅनिमेशन स्टुडिओत पार्श्वभूमी रंगवायचा. बसस्टॉपवरच्या जाहिराती काढून न्यायचा, त्यावर आपली कवटीची आकृती रंगवायचा आणि परत जागच्या जागी लावायचा. (त्या काचेच्या चौकटींची किल्ली त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या बॅरी मॅगीने दिली होती. चोरीतही बिरादरी असते ती अशी.) १९९९ मध्ये हाराजुकू या टोकियोच्या फॅशनच्या भागातल्या 'बाउंटी हंटर' या ब्रँडसोबत त्याने 'कम्पॅनियन' हे व्हिनाइलचं खेळणं काढलं. गॅलरीपेक्षा या खेळण्याने त्याला जास्त मोठं केलं असं मला वाटतं. कारण मर्यादित प्रतींची खेळणी मोठ्यांनी रांग लावून घ्यायची, ती कपाटात मांडायची, हे सगळं टोकियोत आधीच मुरलेलं होतं. अमेरिकेत तेव्हा खेळणं म्हणजे मुलांची वस्तू. २००६ मध्ये मेडिकॉम टॉय या जपानी खेळण्यांच्या कंपनीबरोबर त्याने आओयामात 'ओरिजिनलफेक' हे दुकानही काढलं. पुढे 'अ बेदिंग एप' या टोकियोच्या कपड्यांच्या ब्रँडच्या निगोच्या संग्रहातलं त्याचं 'द कॉज अल्बम' हे चित्र २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात सुमारे १ कोटी ४८ लाख डॉलरला गेलं. ते चित्र 'द सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टूनमधल्या पात्रांचं आहे आणि ते संग्रही बाळगणारा टोकियोचा टी-शर्टवाला. एकमेकांकडून काय घेतलं याचा याहून ठोस पुरावा मला माहीत नाही.

मात्र दुकानाने नुकसानही केलं. आज कॉज म्हटलं की लोकांना बाहुली आठवते. जाहिरातींच्या काचेआड गुपचूप घुसणारा पोरगा मागे पडला.

उलट दिशेने गेलेली माणसं मला जास्त आवडतात. स्ट्रीट आर्टिस्ट लेडी आयको टोकियोत जन्मली, नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कला गेली आणि 'फेल' या तिथल्या स्ट्रीट आर्टिस्ट जोडगोळीच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांच्यासोबत होती. तिचं काम हाताने कापलेल्या स्टेन्सिलचं, थरावर थर. जुन्या जपानी ठशांच्या चित्रांशी त्याचं नातं डोळ्यांना लगेच दिसतं. १९८२ मध्ये हॅरिंगने रंगवल्यामुळे प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधल्या हाउस्टन-बाउरी नाक्यावरच्या भिंतीवर २०१२ मध्ये तिने काम केलं. ती भिंत रंगवणारी ती पहिली बाई. दिल्लीच्या लोधी कॉलनीत तिने झाशीच्या राणीवरही एक भिंत केली आहे, तेव्हा आपल्यालाही ती अगदीच परकी नाही.

अक्षरांची देवाणघेवाण हा वेगळा आणि किचकट भाग आहे. थोडक्यात सांगतो. लॉस एंजेलिसचा चॅझ बोहोर्केझ हा चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या, ग्राफिटीतला ज्येष्ठ माणूस, आणि तो पूर्व आशियाई कुंचल्याची सुलेखनकला रीतसर शिकलेला. त्याच चिकानो अक्षरांचं वळण जपानच्या उसुग्रो या कलाकाराच्या अक्षरांत दिसतं. म्हणजे कुंचला तिकडे जाऊन स्प्रे झाला आणि परत येऊन पुन्हा कुंचला. नक्कल म्हणून हे बाजूला सारता येणार नाही.

तुम्हाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर यामानाशी प्रांतात कोबुचिझावाला फक्त हॅरिंगच्या कामाचं संग्रहालय आहे, नाकामुरा कीथ हॅरिंग कलेक्शन, २००७ पासून. टोकियोहून रेल्वेने जाता येतं. आधी ते बघा आणि मग हाराजुकूच्या गल्ल्यांत हिंडा, हा क्रम उलटा करू नका.