विजेची विचारपूस: एफएलपी बॉक्सला सिलिकॉन लावावं का?

प्रश्न: आमचा कारखाना लोटे-परशुरामला आहे. सॉल्व्हंट यार्डातल्या टोल्युइन पंपाच्या एफएलपी (फ्लेमप्रूफ) जंक्शन बॉक्समध्ये, म्हणजे केबल जोडायच्या पेटीत, दर पावसाळ्यात पाणी शिरतं, मग अर्थ फॉल्ट येऊन पंप ट्रिप होतो. आमचा फिटर झाकणाच्या कडेला सिलिकॉन भरतो, कधी रबरी शीट कापून गास्केट घालतो. नवे सेफ्टी ऑफिसर म्हणतात, हे सगळं काढा. काढलं तर पुन्हा पाणी. ऐकायचं कोणाचं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: सेफ्टी ऑफिसरचं. आणि पुढच्या शटडाऊनची वाट न बघता.

एफएलपी बॉक्स एवढा जाडजूड असतो तो गॅस आत जाऊ नये म्हणून, असा निम्म्या कामगारांचा समज असतो. काही इंजिनियरांचाही असतो, पण ते बोलून दाखवत नाहीत. खरं तर गॅस आत जाणार हे धरूनच तो बनवलेला असतो. आत ठिणगी पडून भडका उडाला तरी बॉक्स फुटायचा नाही, आणि झाकण-बॉडीच्या फटीतून निघणारी ज्वाळा बाहेर येईपर्यंत विझलेली असायला हवी, एवढं त्याचं काम. झाकण उघडलंत की कडेला मशीन केलेली रुंद, गुळगुळीत पट्टी दिसेल. तोच फ्लेमपाथ. त्या अरुंद वाटेने जाताना जळता वायू आपली उष्णता दोन्ही बाजूंच्या धातूला देऊन बसतो. टोल्युइनची ज्वाळा प्रयोगशाळेतल्या चाचणीत साधारण एक मिलिमीटरच्या फटीपर्यंत अडते, आणि प्रत्यक्ष बॉक्सला गॅप त्याहून कितीतरी कमी ठेवतात. तुमच्या फिटरची शीट किती जाडीची आहे, एकदा व्हर्नियरने मोजा. तीन मिलिमीटरचा रबर म्हणजे भडका उडाल्यावर जळून, फाटून मोकळी होणारी तीन मिलिमीटरची वाट. वाळलेलं सिलिकॉनही झाकण उचलून धरतं, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. शिवाय पट्टीवर गंज आहे की चरे, ते त्याच्याखाली दिसतच नाही.

आता पाण्याचं बघू. माझा अनुभव असा, की पाणी झाकणातून कमी आणि ग्लँडमधून, म्हणजे केबल बॉक्समध्ये शिरते तिथल्या जोडातून, जास्त येतं. केबल वरून बॉक्समध्ये उतरवलेली असेल तर पावसाचं पाणी तिच्या अंगावरून थेट ग्लँडवर ओघळतं. ग्लँड सिंगल कॉम्प्रेशन, म्हणजे केबल एकाच जागी आवळणारी, असेल, किंवा आतली रबरी रिंग केबलच्या जाडीची नसेल, तर ते आर्मरमधून (केबलच्या धातूच्या कवचातून) सरळ टर्मिनलपर्यंत पोचतं. शिवाय दिवसभर तापलेला बॉक्स सरीने एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा ओढून घेते. कोकणात हे रोजचंच.

म्हणून एन्ट्री खालून किंवा बाजूने घ्या आणि केबलला ग्लँडच्या आधी खाली लोंबणारा लूप द्या. केबलच्या बाहेरच्या व्यासाला जुळणारी, प्रमाणपत्र असलेली डबल कॉम्प्रेशन एफएलपी ग्लँड वापरा, तिचे किमान पाच पूर्ण आटे बॉक्समध्ये बसलेले हवेत, वर श्राउड (ग्लँडवरचं आवरण) चढवा. न वापरलेल्या एन्ट्रीत एफएलपी स्टॉपर प्लगच. बॉक्सबरोबर येणारी प्लास्टिकची टोपी फक्त ट्रकमधल्या प्रवासासाठी असते, तरी ती वर्षानुवर्षं तशीच राहिलेली मी अनेक यार्डांत पाहिली आहे. एवढं करूनही भागलं नाही तर ओ-रिंगचा बॉक्स घ्या. त्यात ओ-रिंगसाठी कंपनीनेच खाच कापलेली असते आणि फ्लेमपाथची लांबी ती खाच सोडून मोजलेली असते. आपण घरी कापलेली रिंग म्हणजे ओ-रिंग नव्हे. वर पत्र्याची छत्री ठोकायला हरकत नाही, पण पत्रा, पाइप किंवा क्लॅम्प झाकणाच्या जोडासमोर येऊ देऊ नका. ज्वाळा किती बारीक फटीतून निसटते त्यावरून वायूंचे गट पाडलेले असतात: टू-ए गटाला १० मिमी, टू-बीला ३० आणि टू-सीला ४० मिमी जागा मोकळी लागते, नाहीतर बाहेर पडणारा वायू अडून ज्वाळा टिकू शकते.

जुनं सिलिकॉन काढताना सप्लाय बंद, लॉक लावलेलं, परमिट हातात, गॅस तपासलेला. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. पॉलिश पेपर आणि फाइल पिशवीतच राहू द्या. चकचकीत करण्याच्या नादात पट्टी घासली की गॅप वाढलाच. नंतर न सुकणाऱ्या ग्रीसचा पातळ हात फिरवा. ग्रीस सिलिकॉनविरहित घ्या, कारण सिलिकॉनच्या वाफेने गॅस डिटेक्टरचा कॅटॅलिटिक सेन्सर निकामी होतो, आणि निकामी झालेला सेन्सर शून्यच दाखवतो. पट्टीवर रंग नको. बोल्ट सगळेच्या सगळे, मूळ ग्रेडचे, आणि समोरासमोरचे आळीपाळीने आवळलेले. एक बोल्ट हरवला असेल तर बाकीचे कितीही पक्के असोत, तो बॉक्स एफएलपी नाही.

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. इथेनॉल लोडिंग पंपासाठी पुरवठादाराने टू-ए, टी ६ अशी मोटर दिली. म्हणतो, टी ६ सगळ्यात वरचा क्लास, कुठेही चालते. खरं का?

उत्तर: दादा, पुरवठादार दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधतोय. टी क्लास सांगतो मोटरचा पृष्ठभाग किती तापेल: टी १ म्हणजे ४५० अंशांपर्यंत, टी ३ म्हणजे २००, टी ६ म्हणजे फक्त ८५. गट सांगतो ज्वाळा किती बारीक फटीतून निसटते. एकाची कमतरता दुसऱ्याने भरून निघत नाही. हायड्रोजन आपोआप पेट घेतो ५६० अंशांच्या आसपास, म्हणजे टी १ पुरतो, पण फटीतून सुटण्यात तो सगळ्यांचा बाप, म्हणून गट टू-सी. हेक्झेनचं उलटं: गट साधा टू-ए, पण तापमानाला टी ३ लागतो. इथेनॉल जुन्या तक्त्यांत टू-ए होतं; आताच्या आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्था) तक्त्यात टू-बी आहे, कारण त्याची चाचणीतली फट ०.८९ मिमी आणि सीमा ०.९ वर. तुम्हाला टू-बी, टी २ पुरे आहे. टी ६ चे जादा पैसे देऊन गट खालचा घेणं हा तोट्याचाच सौदा. मोटर परत करा, आणि नवीन घेताना नेमप्लेटवरचा प्रमाणपत्र क्रमांक आणि पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) मंजुरीपत्र ताडून बघा. प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी ‘एक्स’ असेल तर वापराच्या खास अटी आहेत. त्या प्रमाणपत्रात लिहिलेल्या असतात, नेमप्लेटवर मावत नाहीत.

प्रश्न: बुटीबोरीत आमच्या जुन्या एफएलपी मोटरला व्हीएफडी (वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) लावायचा विचार आहे. चालेल?

उत्तर: मोटरचं प्रमाणपत्र व्हीएफडीसकट असेल तर चालेल, नाहीतर नाही. वेग कमी झाला की शाफ्टवरचा पंखाही मंदावतो, मोटर तापते, आणि नेमप्लेटवरच्या टी क्लासला अर्थ राहत नाही. वाइंडिंगमध्ये थर्मिस्टर (तापमान ओळखणारे सेन्सर) आहेत का, ते ट्रिपला जोडलेत का, पाहा. दुसरं, नेमप्लेटवर सभोवतालचं तापमान वेगळं लिहिलेलं नसेल तर ती मोटर उणे २० ते ४० अंशांसाठीच आहे. नागपुरात मे महिन्यात ४० अंश म्हणजे थंडी पडली म्हणायची. ५० अंशांची मोटर मागा.

प्रश्न: झोन १ मध्ये, म्हणजे नेहमीच्या कामातही ज्वलनशील वायू असू शकतो अशा भागात, मोटर मेगर करायची (इन्सुलेशन तपासायचं) तर काय काळजी घ्यावी? (तारापूर)

उत्तर: जमलं तर तिथे करूच नका. सुरक्षित भागातल्या एमसीसीवरून (मोटर कंट्रोल सेंटरवरून) केबलसकट मोटर मेगर करा आणि केबल डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नका. मोटरपाशीच करायचं असेल तर साध्या मेगरला हॉट वर्क परमिट (ठिणगी पडू शकेल अशा कामाचा परवाना) आणि सतत गॅस मॉनिटरिंग. मल्टिमीटरलाही हेच लागू, तो कितीही छोटा असला तरी.

प्रश्न: जंक्शन बॉक्सला एक एन्ट्री कमी पडते. कास्टिंग जाड आहे. ड्रिल मारून टॅप केलं तर?

उत्तर: नाही. ड्रिल आत गेलं त्या क्षणी त्या बॉक्सचं प्रमाणपत्र रद्दी झालं, भिंत कितीही जाड असो. एका ग्लँडमधून दोन केबल घालायचा पर्यायही मनात असेल तर तोही काढून टाका. जास्त एन्ट्रीचा बॉक्स मागवा, तो येईपर्यंत नवं कनेक्शन थांबू द्या.