वाचकांचे प्रश्न : गोळ्या, काढे आणि यकृत

प्रश्न : आईला (वय 61) टीबीच्या गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले. यकृताच्या रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृतपेशींना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) 180 आलं आहे. बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं) नॉर्मल, त्रास काहीच नाही. शेजारी म्हणतात, गोळ्या निम्म्या करा. करू का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : अजिबात नको. सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या सुरुवातीच्या एकाच गोळीत आयसोनियाझिड 75, रिफाम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400 आणि इथॅम्ब्युटॉल 275 मिलिग्रॅम असतं. डोस निम्मा केला की चारही औषधं निम्मी होतात. त्याने यकृत वाचेलच असं नाही, पण टीबीचे जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. यकृताला धोका पहिल्या तिघांचा असतो, इथॅम्ब्युटॉलचा सहसा नाही.

लॅबची वरची मर्यादा 40 असेल, तर 180 म्हणजे साडेचार पट. लक्षणं नसतील आणि कावीळ नसेल, तर पाच पटीपर्यंत डॉक्टर गोळ्या बहुधा चालू ठेवतात, मात्र रक्त पुन्हा लवकर तपासतात. म्हणून रिपोर्ट याच आठवड्यात दाखवा. मळमळ, उलट्या, अन्नावरची वासना उडणं किंवा गडद लघवी सुरू झाली तर हिशेब बदलतो, कारण मग तीन पटीलाच औषध थांबवतात. अशा वेळी पुढचा डोस न देता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

औषधं थांबवावी लागलीच, तर एसजीपीटी मर्यादेच्या दुपटीखाली आल्यावर ती एकेक करून परत सुरू होतात. साधारणपणे आधी रिफाम्पिसिन, काही दिवसांनी आयसोनियाझिड. पायराझिनामाइड सर्वांत शेवटी, आणि इजा मोठी असेल तर कायमचं बंद. सगळी एकदम सुरू केली तर पुन्हा बिघडल्यावर कुणामुळे बिघडलं हे कळत नाही.

प्रश्न : मुलगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेवर संशोधन करायचं म्हणते. वाट कोणती, आणि या कामात नेमकं करतात काय?
— एक पालक, ऐरोली

उत्तर : एक वाट एमडी मेडिसिन आणि मग तीन वर्षांचं डीएम हेपॅटॉलॉजी (यकृतरोगशास्त्र), दुसरी एमडी फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र). आम्ही पहिलीकडे झुकतो, कारण या विषयातले खरे प्रश्न रुग्णाच्या खाटेशीच उभे राहतात. ‘हे औषधानेच झालं’ असं छातीठोकपणे सांगणारी एकही रक्ततपासणी नाही, बायोप्सीही नाही. बाकी कारणं एकेक करून बाद करावी लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे त्यांतले पहिले. 2003 मध्ये अमेरिकेत उभारलेल्या ‘डिलिन’ या संशोधन-जाळ्यालाही, औषधाचा संशय असलेल्या काही रुग्णांत प्रत्यक्षात हिपॅटायटिस ई सापडला होता.

मग येतो ‘आर’, म्हणजे एसजीपीटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडलं की वाढणारं एन्झाइम) आपापल्या मर्यादेच्या किती पट आहेत, त्यांचा भागाकार. समजा एसजीपीटी 600 (मर्यादा 40) आणि अल्कलाइन फॉस्फेटेज 180 (मर्यादा 120). म्हणजे 15 पट भागिले दीड पट, उत्तर 10. पाच किंवा जास्त आलं तर इजा यकृतपेशींची, दोन किंवा कमी आलं तर पित्त अडण्याची, मधलं मिश्र. पेशींच्या इजेत कावीळही असेल, तर दहातल्या सुमारे एका रुग्णाचा मृत्यू होतो किंवा यकृत बदलावं लागतं. यकृतरोगतज्ज्ञ हाय झिमरमन यांचं हे निरीक्षण नव्या औषधांच्या चाचण्यांत आजही धोक्याची खूण मानतात.

इजा औषधानेच झाली असण्याची शक्यता गुणांनी मोजणाऱ्या 1993 च्या ‘रुकॅम’ पद्धतीत पेशींच्या इजेसाठी औषध सुरू झाल्यापासून 5 ते 90 दिवसांत त्रास झाला तर जास्त गुण. औषध थांबवल्यावर 8 दिवसांत एसजीपीटीची वाढ निम्म्याने उतरली तर आणखी. सहा ते आठ गुण म्हणजे ‘शक्यता बरीच’. इथे घात होतो तो तारखांनी. केसपेपरवर ‘गोळ्या चालू’ एवढंच लिहिलेलं असतं. कधीपासून, मध्ये कुठली अँटिबायोटिक झाली, हे कुणी लिहीत नाही. मुलीने इंटर्नशिपमध्ये प्रत्येक रुग्णाची औषधं तारखेसह लिहायची सवय लावावी आणि कॉलेजच्या औषध-दुष्परिणाम नोंदणी केंद्रात फॉर्म भरायला शिकावं.

प्रश्न : गुळवेलीचा काढा तरी निर्धोक ना?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : सरसकट नाही. कोविडकाळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीचा घोळ असू शकतो, असं आयुष मंत्रालयाने त्यावर म्हटलं. आधीपासून यकृताचा किंवा थायरॉइडसारखा ऑटोइम्यून आजार असेल तर घेऊ नका. घेत असताना डोळे पिवळे दिसले तर काढा बंद करा, आणि उरलेली पूड किंवा वेलीचा तुकडा फेकून न देता डॉक्टरांकडे घेऊन जा.