तीन अध्यायांचा हिशेब सोडून दे

प्रिय मुली,
ख्रिस्तात सलाम.

जानेवारीत बायबल वाचायला उत्पत्तीपासून सुरुवात केलीस आणि लेवीयपाशी गाडी अडली, असं तू लिहिलंस. अडणारच. सहासष्ट पुस्तकांचे मिळून 1189 अध्याय. रोज तीन वाचले तरी वर्ष अपुरं पडतं आणि महिना सरता सरता नेमके यज्ञबलींचे नियम समोर येतात. त्यात वेर्ण्याची तुझी शिफ्ट. एक दिवस चुकला की उद्याचे सहा, परवाचे नऊ. मग बायबल हा थकलेला हप्ता होतो आणि हप्ता फेडताना कोणाला आनंद झालाय?

तेव्हा ते वेळापत्रक काढून टाक. चुकलेला दिवस चुकला, त्याची भरपाई करायची नाही. लेवीय कुठे पळून जात नाही.

मार्कचं शुभवर्तमान घे, सोळाच अध्याय आहेत. तेही अध्याय म्हणून मोजू नकोस, एका वेळी एकच प्रसंग वाच. दुसऱ्या अध्यायातला कफर्णहूम गावातला प्रसंग घे. घर माणसांनी गच्च भरलंय, दारातही जागा नाही. चौघेजण एका पक्षघाती माणसाला उचलून आणतात, वर चढतात, छपराला भगदाड पाडतात आणि बाजेसकट त्याला खाली सोडतात. आपण हे इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकूच येत नाही. पण जरा थांब. तिकडची छपरं वासे, फांद्या आणि वरून मातीचा लेप अशी असत. म्हणजे खाली बसलेल्यांच्या, कदाचित येशूच्याही डोक्यावर माती पडली असणार. घरमालक काय म्हणाला असेल? मिरगाआधी कौलं परतायला माणूस मिळवताना आपली काय दमछाक होते ते आठव, म्हणजे त्याच्या जिवाची कालवाकालव कळेल! आता लूकचा पाचवा अध्याय उघड. प्रसंग तोच, पण तिथे कौलं काढल्याचं लिहिलंय. लूक बहुधा आपल्या वाचकांच्या ओळखीचं घर त्यांच्या डोळ्यांपुढे उभं करत असावा. आणि येशू छपराबद्दल चकार शब्द काढत नाही. तो त्या चौघांचा विश्वास पाहतो. मार्कमध्ये तर आजारी माणूस सगळ्या प्रसंगात तोंडही उघडत नाही.

असा एखादा प्रश्न मनात अडकला की पुस्तक मिटायचं. प्रश्न दिवसभर बसमध्ये, कँटीनमध्ये सोबत राहतो आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा पुस्तकाकडे ओढून नेतो. मला तरी वाचनाचा आनंद असाच मिळतो. 'आजचं झालं' अशी खूण करण्यात तो कधी सापडला नाही.

आणि मोठ्यानं वाच. घरचे हसले तर हसू देत. फादर स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू 1579 साली गोव्यात आले. बायबलची कथा मराठीत सांगणारं त्यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं, ते ओव्यांमध्ये. ओवी कानासाठी असते. लोकांनी ते गाऊन वाचलं, ऐकलं. स्तोत्रसंहिता तर मुळातच गाण्यांचं पुस्तक. मनातल्या मनात वाचताना डोळे ओळी गाळतात, जिभेला ते जमत नाही.

वेळेचं म्हणशील तर शिफ्ट बदलली की घड्याळ कामाचं नाही. रोज न चुकणाऱ्या एखाद्या गोष्टीला वाचन जोड. सकाळी घरी असलीस तर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजल्यावर, पाव-चहाबरोबर. रात्रपाळी असेल तर परतल्यावर, आडवं होण्याआधी. मोबाईलवर वाचायला माझी हरकत नाही. मात्र वाचता वाचता वरून व्हॉट्सॲप टपकलं की कफर्णहूम संपलंच, म्हणून मी छापील प्रतच सुचवीन. मोठ्या टायपाची घे.

अगदी गळून गेलेल्या दिवशी 117वं स्तोत्र वाच, दोनच वचनं आहेत. (त्याच्या जवळच 119वं आहे, 176 वचनांचं. त्या दिवशी तिकडे फिरकू नकोस.) आणि मन उदास असेल तेव्हा ओढूनताणून आनंदी स्तोत्र शोधायची गरज नाही. 88वं वाच. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, तरी कोणी ते बायबलमधून काढून टाकलं नाही. असल्या दिवशी आपल्या मनातलं आपल्याआधी कोणीतरी देवाला बोलून ठेवलंय, हे पाहूनच किती हलकं वाटतं.

सुट्टीच्या दिवशी रूथ एका बैठकीत वाचून काढ. चारच अध्याय, चहा निवायच्या आत होतील म्हणत नाही, पण दुसरा कप संपेपर्यंत नक्की. सासू-सुनेची गोष्ट आहे, आईलाही ऐकव. मग योहानाचा शेवटचा अध्याय: जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे होते, असं तिथे नेमकं लिहिलंय. रापण ओढणाऱ्या कोणालाही विचार, एवढी मोठी मासळी किनाऱ्यावर आली की मोजणी कशी चालते.

रविवारी उपासनेनंतर भेटशील तेव्हा 'किती वाचलंस' असं मी विचारणार नाही. कुठे अडकलीस ते सांग.

तुझा,
काका